पॉवर वीडरचं ऑइल बघताना कांडी आटे आवळून बघायची की नुसती सोडून?

काजूबाग_संगमेश्वर
मंडळी, यंदा ७ एचपीचा पेट्रोल पॉवर वीडर, म्हणजे तण काढायचं मशीन, घेतलाय. इंजिन होंडाच्या जीएक्स मालिकेतल्या इंजिनांच्या धर्तीवर बनवलेलं चिनी. सोबतचं पुस्तक वाचून डोकं फिरतं. ऑइलच्या बुचालाच प्लॅस्टिकची कांडी आहे. बूच पूर्ण आवळून बाहेर काढलं तर ऑइल वरच्या खुणेला. आटे न लावता नुसतं भोकात सोडलं तर जेमतेम टोक भिजतं. दुकानदार म्हणतो आवळून बघा, आमचे काका म्हणतात नाही. कोणाचं खरं धरू?
दुसरं, आमची जागा सगळी उताराची. परवा बांधावर चढवताना मशीन धाडकन बंद. अंगणात आणलं तर पहिल्या दोरीत चालू. प्लग बदलून बघू का?

दापोली_मेस्त्री
प्लगला हात लावू नका, तो बिचारा निर्दोष आहे. काकांचं खरं.
या जातीच्या इंजिनात कांडी पुसायची, आटे न फिरवता आत सोडायची, बूच भोकाच्या तोंडाशी टेकलं की बाहेर काढून बघायचं. आवळलंत तर आट्यांइतकी कांडी खाली जाते आणि ऑइल नसताना आहे असं दाखवते. तुमचं तेच चाललंय. टोक जेमतेम भिजतंय म्हणजे ऑइल कमी आहे. आजच भरा, तोवर वीडर चालवू नका.
या इंजिनात ऑइलचा पंप नाही, फिल्टर नाही. कनेक्टिंग रॉडच्या खाली एक छोटा चमचा असतो, तो ऑइलमध्ये बुडतो आणि सगळीकडे उडवतो. चमचा बुडला नाही की रॉड गेला, आणि रॉड गेला की मग माझ्यासारख्याकडे येता. मला धंदा मिळतो, पण वाईट वाटतं.
बंद पडण्याचं कारणही बहुधा हेच. पुष्कळ इंजिनांत आत ऑइलचा सेन्सर असतो. पातळी खाली गेली की तो करंट तोडतो. आधीच ऑइल कमी, त्यात चढावर ते एका बाजूला गेलं, सेन्सर उघडा पडला. सपाटीवर ऑइल परत जागेवर आलं, मशीन चालू. काही जण या सेन्सरची वायरच कापून टाकतात आणि ‘आता मस्त चालतंय’ म्हणून सांगतात. चालतं, पुढचा रॉड जाईपर्यंत.
आता भरायचं कसं. वीडर उभा केला की हँडलच्या बाजूला कलतो, त्यामुळे आधी खाली दगड-वीट लावून इंजिनची बैठक सपाट करा. नजरेवर जाऊ नका, गवंड्याची लेव्हल ठेवा, नाहीतर मोबाईलमध्ये लेव्हल असते ती. इंजिन चालू होतं तर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, वर उडालेलं ऑइल खाली उतरू दे. मग थोडं थोडं ओता. सपाट उभ्या इंजिनात ऑइल भोकाच्या खालच्या कडेला आलं की भरलं, त्यापुढे ते बाहेरच सांडेल. एवढ्या इंजिनात एकूण साधारण ०.६ लिटर बसतं, म्हणजे एक लिटरची बाटली आख्खी ओतायची नाही. ऑइल ४-स्ट्रोकचंच, पुस्तकात ज्या नंबरचं सांगितलंय ते.
आणि काम करतानाही २० अंशांपेक्षा जास्त उतारावर हे इंजिन धरू नका. होंडाच्या पुस्तकात जीएक्सला हीच मर्यादा दिलेली आहे.

न्यूजर्सीतला_कोल्हापूरकर
मेस्त्री, एक भर घालतो. इथे माझ्या लॉनमोअरला ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिन आहे, त्याचं पुस्तक नेमकं उलटं सांगतं: कांडी पूर्ण आवळा, मग काढून बघा. त्यामुळे तुमचं उत्तर वाचून कोणी सगळ्याच मशीनना तो नियम लावायला नको.

दापोली_मेस्त्री
बरोबर बोललात. कंपनी बदलली की पद्धत बदलते, म्हणून बुचावर किंवा पुस्तकात चित्र असतं ते बघा, अक्षर कळलं नाही तरी चित्र कळतं. ग्रास कटरवालेही बघतात म्हणून सांगतो. होंडाच्या जीएक्स ३५ मध्ये फक्त १०० मिली ऑइल बसतं. चहाचा छोटा कप! एवढ्यात २५ मिली कमी म्हणजे पाव भाग गेला. ते इंजिन वाकडंतिकडं धरून चालतं, पण ऑइल बघताना मात्र आडवं सपाट ठेवूनच बघायचं. टू-स्ट्रोक कटरला कांडी शोधू नका, त्याचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं.

द्राक्ष_निफाड
माझं गाऱ्हाणं उलटं आहे. फवारणीच्या पंपाला पेट्रोल इंजिन आहे, त्यातलं ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय. मी ओतलं नाही, गड्यानं ओतलं नाही. पंप पिकअपमधून एका बागेतून दुसऱ्या बागेत नेतो. सकाळी चालू केला की पांढरा धूर.

दापोली_मेस्त्री
कांडी नाकाशी धरा. पेट्रोलचा वास येतोय ना? नेताना पेट्रोलचा कॉक उघडा राहत असणार. कार्बोरेटरच्या सुईत कचरा अडकला की पेट्रोल थांबत नाही, सिलिंडरमध्ये उतरतं, तिथून रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये. पातळ झालेलं ऑइल कांडीवर भरपूर दिसतं, पण वंगणाचं काम करत नाही. दोरीसुद्धा ओढू नका, आधी सगळं ऑइल काढून टाका, कार्बोरेटर साफ करून सुई बघा, नवीन ऑइल भरा. पुढे पिकअपमध्ये चढवण्याआधी कॉक बंद. एअर फिल्टरही उघडून बघा, पातळी वाढली की ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, तिकडे जातं. स्पंज भिजला असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा.

काजूबाग_संगमेश्वर
वीट लावून, लेव्हल ठेवून भरलं. जवळपास पाव लिटर बसलं! आज त्याच बांधावर चढवला, बंद पडला नाही. काका सकाळपासून विजयी मुद्रेने फिरतायत.
मेस्त्री, गिअरबॉक्सला वेगळं बूच दिसतंय, त्याला कांडी नाही. तिथलं कसं बघायचं?

दापोली_मेस्त्री
बऱ्याच वीडरना गिअरबॉक्सच्या बाजूला अर्ध्या उंचीवर एक बोल्ट असतो, तो पातळीचा. मशीन सपाट ठेवून तो काढायचा, तिथून ऑइल झिरपायला लागलं की पुरेसं आहे. त्यात बहुधा ९० नंबरचं गिअर ऑइल असतं, पण पुस्तकात सांगितलंय तेच भरा. बोल्टचा वॉशर जपून ठेवा, गवतात पडला की सापडत नाही.