पहिले लूप्स: आकडा मोठा हवा की माप बरोबर?

क्लास_टू_कॅव्हिटी:
बीडीएसच्या थर्ड इयरच्या पोस्टिंग सुरू झाल्या की ज्युनिअर लूप्सबद्दल (दात मोठे दिसावेत म्हणून डोळ्यांवर लावायच्या छोट्या दुर्बिणी) विचारतात, आणि त्यांना ठरलेला सल्ला मिळतो: "एकदाच ३.५एक्स (साडेतीन पट मोठं दाखवणारे) घे, परत बघायला नको." मला हा सल्ला पटत नाही. पहिल्या जोडीला साधे, हलके गॅलिलियन २.५एक्स भरपूर झाले. सगळं लक्ष द्यायचं ते वर्किंग डिस्टन्स (डोळ्यापासून दातापर्यंतचं अंतर) आणि डेक्लिनेशन अँगलवर (दुर्बिणी खाली किती झुकतात तो कोन).

कोल्हापूरच्या गुजरीत सराफ डोळ्याला लावतात ते १०एक्सचं भिंग आठवा. त्याची फोकल लेंथ अडीच सेंटिमीटर, म्हणून खडा पार डोळ्याशी आणावा लागतो. पेशंटचा दात तसा आणता येत नाही, तो ४०-५० सेंटिमीटरवरच राहणार. म्हणून आपल्या लूप्समध्ये साधं भिंग नसतं, दोन छोट्या दुर्बिणी असतात आणि त्या ठरावीक अंतरावरच स्पष्ट दाखवतात. ते अंतर तुमच्या उंचीला जुळलं नाही, तर फरक मान भरून काढते, रोज, प्रत्येक पेशंटला.

माप असं घ्या. फँटम हेडसमोर (सरावाच्या पुतळ्याच्या डोक्यासमोर) पाठ ताठ, दंड अंगालगत, फँटमचं तोंड कोपराच्या पातळीत. मिरर-प्रोब हातात धरून पाच मिनिटं खालच्या मोलरवर (दाढेवर) काम करा, मग मित्राला टेपनं डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून दातापर्यंत मोजू द्या. वरच्या दातांसाठी पुन्हा. वाकून ३४ सेंटिमीटर माप दिलंत, तर लूप्स तुम्हाला पुढची कित्येक वर्षं ३४वरच वाकवून ठेवतील.

एंडो_रूम:
मापाचं शंभर टक्के मान्य, आकड्याचं नाही. वरच्या पहिल्या मोलरमधला एमबी-टू (मुळातला बारीक, सहज न दिसणारा कालवा) शोधताना किंवा क्राउन प्रेपची (कॅपसाठी घासलेल्या दाताची) फिनिश लाइन, म्हणजे घासलेला भाग संपतो ती रेषा, बघताना २.५एक्स तोकडा पडतो. त्याच रेषेवर बरनं (घासायच्या फिरत्या टोकानं) सोडलेली बारीक ओठासारखी कड २.५एक्समध्ये गुळगुळीत दिसते, ३.५एक्समध्ये लगेच डोळ्यात भरते. विद्यार्थ्याच्या क्राउन बसत नाहीत त्या बऱ्याचदा ह्याच कडेमुळे. ज्याला पुढं कॉन्स-एंडो (फिलिंग-रूट कॅनाल) किंवा प्रॉस्थो (कॅप-कवळ्या) करायचंय त्यानं दोनदा खर्च का करावा?

क्लास_टू_कॅव्हिटी:
कारण मॅग्निफिकेशन वाढलं की फील्ड (एका नजरेत दिसणारा भाग) आणि डेप्थ (स्पष्ट दिसणारी खोली) दोन्ही कमी होतात, आणि नवशिक्याला नेमकं तेच जास्त लागतं. चांगल्या २.५एक्समध्ये अर्धी आर्च (दातांची रांग) एका नजरेत मावते. प्रिझमवाल्या ४एक्समध्ये दोन-तीन दात दिसतात. एअरोटर (दात कोरायचं यंत्र) कुठल्या दातावर टेकलाय हे शोधण्यातच वेळ जातो. वजन जास्त, आणि हेडलाइट नसेल तर चित्र काळपट. एमबी-टू खात्रीनं शोधायला मायक्रोस्कोपच लागतो, त्यासाठी थर्ड इयरला ३.५एक्स घेणं मला अवाजवी वाटतं.

फँटम_हेड:
माझा विरोध दोघांनाही आहे. थर्ड इयरला टीटीएल घेऊच नये. टीटीएलमध्ये दुर्बिणी काचेत पक्क्या बसवतात. अंतर, कोन, पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) आणि चष्म्याचा नंबर, सगळं एकदाच ठरतं. थर्ड इयरला बसण्याची ढब बसलेली नसते. वर सांगितलेलं माप आठवडाभरात तीन वेगवेगळ्या दिवशी घेऊन बघा, सहा-सात सेंटिमीटरचा फरक आला तर ऑर्डर कशाच्या जोरावर देणार? नंबर बदलला तर जोडी परत पाठवा, नव्यानं पैसे भरा. त्यापेक्षा फ्लिप-अप. पीडी आणि कोन दोन्ही हलवता येतात, पेशंटशी बोलताना वर उचलता येतात.

दुसरं, आधी मिरर शिका. वरच्या मोलरला आरशातून, उलट्या दिशेनं बर फिरवता येत नसेल तर लूप्स ती चूक फक्त मोठी करून दाखवतील. आणि मिरर फ्रंट सरफेसच घ्या. साध्या मिररमध्ये चकाकणारा थर काचेच्या मागं असतो, त्यामुळे दाताची एक फिकट दुहेरी कड दिसते. नुसत्या डोळ्यांना ती जाणवत नाही, लूप्समधून सतत खटकते.

एंडो_रूम:
फ्रंट सरफेसचं एकदम बरोबर बोललास भावा. फ्लिप-अपबद्दल सावध. दुर्बिणी डोळ्यापासून लांब असल्यानं फील्ड लहान, भार नाकावर पुढं. बिजागरीचा स्क्रू सैल झाला की एक नळी किंचित सरकते, दोन वर्तुळं एक होत नाहीत आणि कपाळ दुखायला लागतं. महिन्यातून एकदा स्क्रू तपासा, मागचा पट्टा घट्ट ठेवा. सॅनिटायझर थेट फवारू नका, आत पाणी जाऊन वाफ धरते. ओलसर कापडानं पुसा.

हेडलाइट घेणार असाल तर नारिंगी फिल्टर हवाच, नाहीतर कॉम्पोझिट (उजेडानं घट्ट होणारं फिलिंग) मॅट्रिक्समध्ये (दाताभोवतीच्या पट्टीत) दाबेपर्यंतच वरून सेट व्हायला लागतं. शेड (दाताची रंगछटा) मात्र फिल्टरशिवाय, सुरुवातीलाच, दात ओले असताना निवडा.

क्लास_टू_कॅव्हिटी:
फँटम_हेड, तीन मापांची अट मला मान्य. दोन-तीन सेंटिमीटरच्या आत माप स्थिर होईपर्यंत टीटीएलची ऑर्डर देऊ नका, मग त्यासाठी फायनल इयर उजाडलं तरी चालेल. पण तोवर ऑनलाइन मिळणारे काही हजारांचे फ्लिप-अप घेणार असाल तर त्यावर लिहिलेलं ३४०, ४२० किंवा ५०० मिमी अंतर आपल्या मापाशी ताडून घ्या. त्यातले बरेच नावाला फ्लिप-अप असतात, कोन पुरेसा खाली जातच नाही. कोन म्हणजे कानाच्या वरच्या टोकापासून डोळ्याच्या कोपऱ्याकडे जाणारी रेषा आणि खाली झुकलेली नजर यांच्यातला झुकाव. तो कमी पडला की हनुवटी छातीकडे जाते. मान २० अंशांपेक्षा फार झुकायला नको.

डेमोला 'पुढारी'तल्या छोट्या जाहिरातींचा कागद न्या. आपल्या अंतरावर ठेवून आळीपाळीनं एकेक डोळा मिटा, मग दोन्ही उघडा. एकच गोल दिसला पाहिजे. कडेची अक्षरं वाकडी किंवा जांभळट दिसली तर ती जोडी नको. हे सगळं स्टूलवर बसूनच बघा. काउंटरशी उभं राहून कागद हवा तितका लांब धरता येतो, त्यामुळे तिथं कुठलेही लूप्स चांगलेच वाटतात.