तीन वर्षांच्या मुलीच्या पोटात नळी घालून टीबी तपासायचा, हे खरंच लागतं का?

रानजाई:
नमस्कार. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची धाकटी तीन वर्षं दोन महिन्यांची. साडेतीन आठवडे खोकला, संध्याकाळी अंग कोमट लागतं. वजन संक्रांतीला ११ किलो २०० होतं, काल १० किलो ६०० भरलं. सासऱ्यांना दोन महिन्यांपूर्वी टीबी निघाला, सरकारी गोळ्या चालू आहेत. ही त्यांच्याच कुशीत झोपायची. तेव्हा दवाखान्यातून एकजण घरी आले होते, पोरांना खोकला आहे का विचारलं, नव्हता, तर वहीत लिहून गेले.

आता बेडक्याची डबी दिली होती. तिला वाटलं खेळ आहे, हसत हसत थुंकली. रिपोर्ट निगेटिव्ह, खाली "नमुना लाळेसारखा" असा शेरा. हातावर टीबीची सुई टोचली, १४ मिमी आली. एक्स-रेत उजवीकडे छातीतली गाठ सुजल्यासारखी दिसते म्हणाले. मग नणंदेच्या सांगण्यावरून खाजगी लॅबमध्ये टीबी गोल्ड ही रक्ताची तपासणी केली, अडीच हजार गेले, तीही निगेटिव्ह.

आता बालरोगतज्ज्ञ म्हणतात दोन रात्री ॲडमिट करा, पहाटे नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढू. सासूबाईंचं म्हणणं, दोन-दोन निगेटिव्ह आलेत, लेकराचे हाल कशाला? ह्यांचंही अर्धं मन तिकडेच. मला कळत नाही ते एवढंच की आजार छातीतला, तर पोटात काय सापडणार?

उंबरठा:
रक्तातली आयजीजी-आयजीएम, म्हणजे अँटिबॉडीची तपासणी करून घ्या की. आमच्या भाच्याचं त्यातच कळलं होतं. एक सुई, काम संपलं.

काचपट्टी:
रानजाई ताई, सव्वीस वर्षं तालुक्याच्या लॅबमध्ये बेडके तपासले, त्या जोरावर लिहितो. डॉक्टर नाही. औषधाचं तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आधी उंबरठा यांच्यासाठी. टीबीसाठीच्या त्या अँटिबॉडी चाचण्यांवर सरकारने जून २०१२ मध्येच बंदी घातली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या आदल्या वर्षी त्या वापरू नका म्हणून सांगितलं होतं. आजार असलेल्याला निगेटिव्ह आणि धडधाकट माणसाला पॉझिटिव्ह, असा कारभार होता. कुणी आजही करून देत असेल तर पैसे देऊ नका.

आता तुमचा पोटाचा प्रश्न. मोठा माणूस खाकरून कफ बाहेर टाकतो. एवढंसं पोर तो गिळतं. रात्रभर खोकून जे वर येतं ते सगळं पोटात जमतं. पहाटे, उठायच्या आत, ते तिथेच असतं. मूल उठून चालायला लागलं, घोटभर दूध प्यायलं, की पुढे सरकलं. म्हणून नळी पहाटे, उपाशीपोटी आणि अंथरुणातच. एका दिवसावर विसंबत नाहीत, निदान दोन पहाटे लागतात. म्हणून दोन रात्री.

आम्हाला असे नमुने यायचे तेव्हा मी पहिल्यांदा वेळ बघायचो. पोटातल्या आम्लात जंतू मरतात. त्यामुळे नमुना लगेच लॅबला तरी पोचला पाहिजे, नाहीतर त्यात सोडियम बायकार्बोनेट घालून आम्ल मारलं पाहिजे. पहाटे पाचला काढलेली बाटली दुपारी एकला, तशीच, वॉर्डबॉयच्या खिशातून आलेली मी पाहिली आहे. त्यावर निगेटिव्ह लिहिताना हात अडखळायचा. तुम्ही तिथे असाल तर सिस्टरना सरळ विचारा, हे लॅबला किती वाजता जातं? कुणी चिडलं तर चिडू दे.

तुमच्या पहिल्या रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या डबीतल्या लाळेत जंतू दिसले नाहीत. काचपट्टीवर गुलाबी काड्या, म्हणजे रंगवलेले टीबीचे जंतू, दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू लागतात. लहान मुलांच्या टीबीत मुळात जंतूच थोडे. सीबीनॅट मशीन जंतूंचा डीएनए शोधतं, ते त्याच्या कितीतरी पट कमी जंतूंवर, शंभर-सव्वाशेवरही पकडतं, त्यातलं नवं अल्ट्रा काडतूस वीसच्या आतसुद्धा. दोनेक तासांत उत्तर, आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळतं. काही ठिकाणी त्याच कामाचं ट्रूनॅट असतं, ते तर आपल्या गोव्याचं यंत्र. पण मशीन कितीही हुशार असलं तरी लाळ घातली तर लाळच तपासणार.

राहिलेला नमुना कल्चरला टाकतात, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढतात का ते बघतात. कल्चर सगळ्यात चिवट, पण सहा आठवडे वाट पाहायला लावतं.

सुईचं. १० मिमी किंवा जास्त म्हणजे पॉझिटिव्ह (लाली नव्हे, हाताला लागणारा कडक फुगवटा मोजतात, ४८ ते ७२ तासांनी). त्यावरून जंतू शरीरात शिरलेत एवढं कळतं, आजार झालाय की नाही ते नाही. टीबी गोल्डचंही तेच. ती रक्तातून तोच प्रश्न विचारते, आणि पाच वर्षांच्या आतल्या, वजन घटलेल्या मुलात तिच्या "नाही"वर मी तरी झोपलो नसतो. अडीच हजारांत महिनाभर अंडी आली असती.

आणखी एक. नळीतूनही काही सापडलं नाही तरी दचकू नका. खरोखर टीबी असलेल्या लहान मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांत जंतू हाती लागतच नाहीत. मग डॉक्टर सगळं जोडून बघतात, घरात रुग्ण, घटलेलं वजन, एक्स-रे, सुई. तुमच्याकडे चारही आहेत.

दोन पोरांचा बाप:
ताई, आमचा पोरगा अडीच वर्षांचा असताना हे केलं आहे. धसका आम्हीच जास्त घेतला होता. चादरीत घट्ट गुंडाळला, बायकोने डोकं धरलं, नळी जाताना ओकारी आली, रडला, पण सगळं पाचेक मिनिटांत आटोपलं. सकाळी सातला बिस्कीट खात बसला होता. मी मात्र बाहेर जाऊन बाकड्यावर बसलो होतो, खोटं कशाला सांगू.
रात्री नऊनंतर काही देऊ नका. आदल्या संध्याकाळी झोपताना भरपूर जेवू घाला, नाहीतर पहाटे भुकेने गोंधळ घालते. आणि शीचीसुद्धा तपासणी होते, त्याच मशीनवर. गिळलेला कफ शेवटी तिकडूनच बाहेर येतो ना! आमच्याकडे तेव्हा नव्हती, तुमच्या दवाखान्यात होते का विचारून बघा.

उंबरठा:
माफ करा. भाच्याचं २००९ सालचं होतं. बंदीचं माहीत नव्हतं.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. काचपट्टी काकांचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. अंड्यांचं त्यांना पटलं, बाकीचं ह्यांना.

जाऊन आलो. दोन्ही पहाटे नळी घातली. दुसऱ्या दिवशी तिने नळी बघितल्याबरोबर जी किंचाळी फोडली ती अजून कानात आहे. बाटली घेऊन मीच लॅबच्या दारात उभी राहिले, साडेपाचला. शी पण दिली. सीबीनॅट तिन्हीत निगेटिव्ह. कल्चर लावलंय.

तरी डॉक्टरांनी उपचार सुरू केले. म्हणाले कल्चरसाठी थांबणार नाही, या वयात टीबी मेंदूत जायला वेळ लागत नाही. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आहेत, वजनावर मोजून. आज चौथा दिवस.

ह्यांचा प्रश्न आहे, जंतूच सापडला नाही तर औषध बरोबर आहे हे कशावरून?

काचपट्टी:
प्रश्न एकदम बरोबर विचारला त्यांनी. उत्तर तुमच्या घरातच आहे. सासऱ्यांचा सुरुवातीचा सीबीनॅटचा कागद शोधा. हिचे जंतू सापडले नाहीत तर आजोबांचे जंतू तेच हिचे जंतू असं धरून औषध ठरवतात, कारण आले तिथूनच. त्यांच्या रिपोर्टवर "रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड", म्हणजे रिफाम्पिसिनला दाद न देणारे जंतू दिसले नाहीत, असं असेल तर चांगलंच. पुढे एलपीए म्हणून तपासणी झाली असेल तर त्यात आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाचंही कळतं, तो कागदही न्या. तुमच्या बालरोगतज्ज्ञांनी कदाचित मागितलाही असेल, गडबडीत राहिला असेल.

लघवी केशरी होईल, घाबरू नका, ते रिफाम्पिसिनमुळे. वजन एकाच काट्यावर करत जा.

रानजाई:
सापडला! ट्रंकेत, विजेच्या बिलांच्या पिशवीत. "नॉट डिटेक्टेड" लिहिलंय. एलपीएचा काही दिसत नाही.

लघवीवरून काल सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलंच होतं. तुमचा प्रतिसाद जरा आधी यायला हवा होता.

काचपट्टी:
एलपीएचं सासऱ्यांच्या उपचार केंद्रात विचारा, तिथे नोंद असते.

आणि ताई, तुम्ही धाकटी लिहिलंत, म्हणजे थोरलंही कुणी आहे. त्याला कुणी पाहिलं का? खोकला नसला तरी. आजार नाही अशी खात्री झाली तर त्याला प्रतिबंधाचं औषध मिळतं. दोन महिन्यांपूर्वी वहीत लिहून गेलेल्यांनी दोघांचंही तेव्हाच बघायला हवं होतं. सोमवारी जाल तेव्हा त्याला बरोबर घ्या, शाळा बुडू दे.