लालपरी, लोकल, कदंबा : सार्वजनिक वाहतुकीत पुढाकार घेणाऱ्या माणसांचे अनुभव लिहा

रानजाई

१ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. दर वर्धापनदिनाला ही दोन नावं निघतात याचं मला खरंच अप्रूप वाटतं. एवढ्या मोठ्या महामंडळाची सुरुवात सांगताना आपण गाडी चालवणाऱ्याचं आणि तिकीट फाडणाऱ्याचं नाव घेतो. पुढच्या पाऊणशे वर्षांतल्या लाखभर माणसांची नावं मात्र कुठेच नाहीत.

गाडी चुकली, उशिरा आली, थांबली नाही, की आपण लिहितो आणि लिहायलाच हवं. पण एखाद्या वाहकाने, वाहतूक नियंत्रकाने, स्टेशन मास्तरने किंवा साहेबाने आपल्या कामाच्या चौकटीबाहेर जाऊन प्रवाशांसाठी काही उभं केलं, तर त्याची नोंद कुठे होते? आणि फेरी चालू राहावी म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करणाऱ्यांची?

दोन्ही प्रकारचे अनुभव इथे हवेत. तुम्ही ते कोणाला कळवलं का, कसं कळवलं, हेही लिहा. जी माणसं वर्तमानपत्रांत आली आहेत त्यांची नावं घ्या. बाकीच्यांची नको, नोकरीतल्या माणसाला उगाच ताप होतो.

माणदेशी

मी माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या गावाला पूर्वी मुक्कामी गाडी होती. रात्री आठला यायची, सकाळी सहाला निघायची. कोरोनात बंद झाली ती झालीच. वरच्या वाड्यांवरच्या मुली फाट्यापर्यंत पाच किलोमीटर चालत यायला लागल्या. पाऊस असला की वर्गात निम्मे बाक रिकामे. दहावीतल्या दोघींची शाळा सुटायच्या बेताला आली होती.

आम्ही अर्ज दिले होते. 'विद्यार्थ्यांची गैरसोय होते, तरी बस सुरू करावी' असले. उत्तर ठरलेलं : भारमान नाही, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही.

वाट दाखवली ती फाट्यावरून जाणाऱ्या गाडीच्या वाहकाने. त्या गाडीत रोज मुली चढताना तो बघत होता. एक दिवस मला म्हणाला, "बाई, ह्या पोरी मशीनवर दिसतच नाहीत. पासाला तिकीट निघत नाही. वर साहेबांसमोर जातो तो रोकडीचा आकडा. गाडी भरलेली असते, कागदावर मोकळी दिसते." मुलींचे पास मोफत असतात, अहिल्याबाई होळकर योजनेतले. त्याचे पैसे शासनाकडून महामंडळाला मिळायचे असतात, पण फेरीचा हिशेब बघताना त्या मुलींकडे कोणाचं लक्ष जात नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

अर्ज कसा लिहायचा हेही त्यानेच सांगितलं. थांब्यागणिक किती मुली, पास क्रमांक काय, शाळा किती वाजता भरते आणि सुटते, बाजारच्या दिवशी बायका किती जातात (त्यांचं अर्धं तिकीट मशीनवर निघतं, ते वेगळं मांडा), दवाखान्यात जाणारे म्हातारे किती. सोबत ग्रामसभेचा ठराव. आठवी-नववीच्या मुलींनी स्वतः वाड्यांवर फिरून तक्ता केला. चौकटी आखलेला तो कागद मी जपून ठेवलाय.

आगार व्यवस्थापकांनी तक्ता नीट वाचला आणि एकच प्रश्न विचारला : "मुक्कामाला गाडी पाठवली तर माझी दोन माणसं झोपणार कुठे? संडासाची सोय काय?" हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नव्हतं. पूर्वी ते दोघं गाडीतच सीटवर आडवे व्हायचे आणि पहाटे ओढ्याकडे जायचे, आणि गावाने कधी विचारलंही नव्हतं. समाजमंदिराची मागची खोली झाडली, दोन खाटा टाकल्या, बल्ब लावला, शेजारच्या शौचालयाची किल्ली दिली. महिन्याभरात गाडी आली.

त्या वाहकाला पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावून शाल-श्रीफळ दिलं. तो आनंदाने आला. जाताना हळूच म्हणाला, "बाई, जमलं तर आगारात एक पत्र द्या. शाल घरी राहील, पत्र माझ्या फायलीला लागेल." दुसऱ्याच दिवशी दिलं.

बिल्ला

माणदेशी, ते पत्र किती मोलाचं असतं हे मी सांगते. माझे वडील एसटीत चालक होते. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवा झाली तेव्हा त्यांचा सत्कार झाला, बिल्ला मिळाला. तो ते खाकी शर्टाच्या खिशावर लावायचे, आणि धुवायला टाकण्याआधी शर्टावरून स्वतः काढून घ्यायचे, आईलाही हात लावू द्यायचे नाहीत. पण कपाटाच्या आतल्या खणात त्यांनी एक पोस्टकार्डही जपलं होतं. घाटात दरड आली तेव्हा त्यांनी गाडी वेळीच मागे घेतली, रात्रभर प्रवाशांना खाली उतरू दिलं नाही, आणि वाहकाला सोबत घेऊन जवळच्या वस्तीवरून पाणी आणि भाकरी आणल्या. त्या गाडीतल्या एका आजोबांनी विभाग नियंत्रकांच्या नावे कार्ड टाकलं होतं. त्याची प्रत वडिलांना मिळाली.

विनाअपघात सेवा म्हणजे काही घडलं नाही याची नोंद. ते घडू नये म्हणून एका रात्री माणसाने काय केलं, हे फक्त त्या कार्डात होतं.

चर्चगेट फास्ट

५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर चर्चगेट–बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा मी नोकरीला नवीन होते. अख्खी गाडी बायकांची! पहिले काही दिवस आम्ही डब्यातून डब्याकडे नुसत्या बघत होतो. त्याआधी संध्याकाळच्या गर्दीत गरोदर बायका दोन-दोन गाड्या सोडून द्यायच्या. ही कल्पना फायलीतून रुळावर आणणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव मला आजही माहीत नाही आणि ते मला सलतं.

सुरेखा यादव यांचं नाव मात्र माहीत आहे आणि अभिमानाने घेते. साताऱ्याच्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस रेल्वेत साहाय्यक चालक म्हणून लागल्या, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक मानल्या जातात. पुढे मध्य रेल्वेवर लेडीज स्पेशल चालवली, २०११ च्या महिला दिनाला डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला आणली, मार्च २०२३ मध्ये सोलापूर–मुंबई वंदे भारत. २०२५ च्या सप्टेंबरअखेर निवृत्त झाल्या. माझी भाची इलेक्ट्रिकल डिप्लोमा करतेय, तिच्या टेबलासमोर त्यांचा फोटो आहे.

मडगावचा

गोव्याची गोष्ट इथे यायलाच हवी. १९७८–७९ मध्ये गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीसाठी आंदोलन केलं. तेव्हा बसगाड्या खासगी मालकांच्या. आम्ही पुस्तकं घेऊन थांब्यावर दिसलो की काही गाड्या थांबायच्याच नाहीत. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. मोर्चे, बंद, लाठ्या, सगळं बघितलं. मागणी एका ओळीची होती आणि ती प्रत्येक घराला कळत होती, म्हणून आयाबायाही आमच्या बाजूने बोलू लागल्या.

सवलत मिळाली, आणि त्यातूनच सरकारने स्वतःची वाहतूक उभी करायचं ठरवलं. १९८० मध्ये कदंब परिवहन महामंडळ आलं. आज कदंबाच्या गाडीत बसणाऱ्या पोरांना हे ठाऊक नसतं. माझी आग्रहाची मागणी आहे की पणजीच्या बसस्थानकावर एक फलक असावा : ही सेवा विद्यार्थ्यांनी मागून घेतली आहे.

रुळांवरचा

तेहतीस वर्षं रेल्वेत काढली, म्हणून आतली बाजू सांगतो. रेल्वेत गौरवाची पद्धत आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर–ठाणे पहिली गाडी धावली, त्या निमित्ताने रेल्वे सप्ताहात पुरस्कार दिले जातात. विभाग पातळीवर, महाव्यवस्थापकांच्या हस्ते, आणि वर मंत्रालयाचा. शिफारस खालून वर जाते. म्हणजे तुमच्या कामाकडे तुमच्या निरीक्षकाची नजर जायला हवी आणि त्याला दोन ओळी लिहायची इच्छा हवी.

१७ एप्रिल २०२१ ला वांगणी स्टेशनवर पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारे कर्मचारी) मयूर शेळके यांनी रुळावर पडलेल्या मुलाला गाडी अंगावर येत असताना वर ढकललं आणि स्वतः फलाटावर चढले. देशाने ते पाहिलं. बक्षिसाच्या पन्नास हजारांतले निम्मे त्यांनी त्या मुलासाठी दिले. पण देशाने पाहिलं ते कॅमेऱ्यामुळे. कॅमेरा नसता तर स्टेशनच्या डायरीत एक ओळ पडली असती.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या केबिनमधून हलले नाहीत. गोळीबार सुरू असताना माइकवरून प्रवाशांना मागच्या बाजूने बाहेर पडायला सांगत राहिले. त्यांच्या आवाजाने किती जीव वाचले याची मोजदाद कोण करणार. मी नेतृत्व म्हणतो ते हे. पद उद्घोषकाचं, पण त्या घटकेला अख्खं स्टेशन त्यांच्या शब्दावर चालत होतं.

चाकरमानी

वरच्या पदांवरचीही माणसं आठवावीत. मधु दंडवते १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री होते. तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात उघड्या लाकडी फळ्या असत. त्यांनी त्यावर फोमच्या गाद्या बसवायला सुरुवात केली. खर्चाची ओरड झाली असेलच, पण आज स्लीपरला पाठ टेकणारा प्रत्येक जण त्या निर्णयावर झोपतो.

आणि ते राजापूरचे खासदार. कोकणात रेल्वे हवी हे तिथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मागितलं, नाथ पै यांनी संसदेत मांडलं, दंडवत्यांनी लावून धरलं. १९९० मध्ये ते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आणि कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं. प्रमुख ई. श्रीधरन. डोंगर, खाड्या, पाऊस, आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग सुरू. मागणारे, मांडणारे आणि बांधणारे, तिघांचीही नावं घ्यावीत. श्रीधरन यांचं घेतलं जातं, पैंचं कमी.

माझी आजी गणपतीला रात्रभर एसटीत ओकत जायची. पहिल्यांदा रेल्वेने गेली तेव्हा खिडकीशी बसून तिने प्रत्येक बोगद्याला नमस्कार केला.

पांढरी काठी

मी पुण्यात पीएमपीच्या शहर बसने फिरतो. दिसत नाही. बहुतेक गाड्या थांब्यापासून चार-पाच फूट लांब, रस्त्याच्या मध्ये उभ्या राहतात. मग फूटपाथवरून उतरा, मधल्या दुचाक्या चुकवा, पायरी चाचपडा. माझ्या मार्गावरचा एक चालक गाडी फूटपाथला अगदी चिकटवून लावतो आणि पुढचं दार बरोबर माझ्यासमोर आणतो. दार उघडलं की मार्गाचा क्रमांक मोठ्याने बोलतो, मला विचारावं लागत नाही. उतरतानाही तसंच.

मी त्याचं कारण विचारलं. म्हणाला, "तुमच्यासाठी लावायला लागलो, पण मग बघितलं की म्हाताऱ्या बायका पण पटकन चढतात. गाडीचा वेळ वाचतो." मी डेपोत पत्र दिलं ते कौतुकाचं आणि मागणीचं एकत्र : या चालकाची पद्धत बाकीच्यांना शिकवा, आणि गाडीतली थांब्यांची घोषणा बंद ठेवू नका. पत्र फलकावर लागलं असं त्यानेच सांगितलं. आता त्या मार्गावरचे आणखी काही जण गाडी कडेला घेतात, चाक फूटपाथच्या कडेला घासल्याचा आवाज मला ओळखू येतो.

लेस्टरहून

इथे इंग्लंडात बसमधून उतरताना प्रवासी चालकाला मोठ्याने धन्यवाद म्हणतात, शाळकरी मुलंसुद्धा. गावी आल्यावर मी तसं म्हणते. पहिल्या वेळी वाहक दचकून "काय झालं?" म्हणाले. बरं वाटलं त्यांना.

गुलबक्षी

सगळं वाचून आमच्या सकाळच्या गाडीच्या वाहक ताईंबद्दल लिहायचं ठरवलं आहे. त्या पंच्याहत्तरीपुढच्या आजींना मोफत प्रवासासाठी आधार कार्ड काढून ठेवायला सांगत प्रत्येक थांब्यावर स्वतः खाली उतरतात. पत्र कोणाच्या नावे द्यायचं?

माणदेशी

आगार व्यवस्थापकांच्या नावे. प्रत विभाग नियंत्रकांना. गाडीचा क्रमांक, फेरी कुठून कुठे आणि किती वाजताची, तारीख, जमलं तर तिकिटाचा फोटो. ताईंचा बिल्ला क्रमांक माहीत असेल तर तो. 'उत्तम सेवा देतात' एवढंच लिहू नका, आत्ता इथे लिहिलंत ते जसंच्या तसं लिहा, खाली उतरतात ते, आधार कार्डाचं. दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. गाडीतल्या आणखी चार जणींच्या सह्या मिळाल्या तर उत्तम.

गुलबक्षी

सह्या उद्याच घेते. आठ वाजेपर्यंत सगळ्या जणी चढतात.