शब्दचर्चा: क्षरण, धनाग्र, निष्क्रिय

जिज्ञासू : धातूंच्या करोजनवर पदव्युत्तर वर्गासाठी मराठी टिपणे करते आहे. 'गंजणे' आणि 'क्षरण' यांतले कुठलेही वापरले तर चालेल ना? अ‍ॅनोड-कॅथोडला शाळेतलेच धनाग्र-ऋणाग्र ठेवू का? पॅसिव्हला निष्क्रिय?

लोहकण : गंज फक्त लोखंड-पोलादाला. तांब्या-पितळेवर कळंक चढतो, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, आणि पितळेतले जस्त निघून गेले तर वरून सहसा फारसे कळत नाही: आकार तसाच, आत सच्छिद्र, ठिसूळ तांबे. या सगळ्यांना मिळून क्षरण. मात्र 'झीज' त्यात मिसळू नका, ती घर्षणाची. वेगवान प्रवाहाने संरक्षक थर खरवडला जाऊन धातू खाल्ला जातो, तिथे दोन्ही असतात. त्याला झीज-क्षरण म्हणा.

विभवमापी : धनाग्र मात्र टिपणांतून काढाच. हा शब्द विद्युत अपघटनातून आला. तिथे बॅटरीचे धन टोक ज्याला जोडले, त्यावर ऑक्सिडीकरण (इलेक्ट्रॉन गमावणे) होते, म्हणून नाव शोभते. क्षरणात बाहेरची बॅटरीच नसते. समुद्राच्या पाण्यात जस्त आणि पोलाद शेजारी बुडवा, व्होल्टमीटरची लाल तार पोलादाला आणि काळी जस्ताला लावा. वाचन धन येते, साधारण ०.४ व्होल्ट. म्हणजे ऋण टोक जस्ताचे. दोन्ही तारेने जोडले की विरघळते तेही जस्तच. ऑक्सिडीकरण जिथे, तो अ‍ॅनोड. चिन्हाचा त्याच्याशी संबंध नाही.

नुसता शब्दच्छल नव्हे हा. पुरलेल्या नळाला रेक्टिफायरने (एसीचा डीसी प्रवाह करणाऱ्या उपकरणाने) संरक्षण देताना धन टोक जमिनीतल्या अ‍ॅनोडला आणि ऋण टोक नळाला जाते. जस्ताचे ठोकळे लावून जे संरक्षण देतात त्यात अ‍ॅनोड ऋण, इथे धन. ज्याच्या डोक्यात चिन्हच बसले आहे तो कधीतरी तारा उलट्या जोडतो, आणि मग नळच अ‍ॅनोड होतो. १ अँपिअर प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारे ९.१ किलो लोखंड विरघळते. पडताळा सोपा आहे: तांबे/कॉपर सल्फेट संदर्भ इलेक्ट्रोडच्या (ज्याचे स्वतःचे विभव स्थिर असते) तुलनेत नळाचे विभव, म्हणजे विद्युत पातळी, बघत रेक्टिफायर सुरू करा. आकडा −०.५५ च्या आसपासून −०.८५ व्होल्टकडे, अधिक ऋण बाजूला सरकायला हवा. धन बाजूला सरकला तर तत्काळ बंद करा.

जिज्ञासू : मग अ‍ॅनोड-कॅथोड असेच लिहिते. निष्क्रियचे काय?

लोहकण : आर्गॉन निष्क्रिय आणि स्टेनलेस पोलादही निष्क्रिय, असे लिहिले की विद्यार्थी दोन्ही एकाच खणात टाकतात. स्टेनलेस मुळात क्रियाशीलच. किमान १०.५ टक्के क्रोमियममुळे त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो आणि तो क्रियेला अडवतो. म्हणून मी 'पॅसिव्ह थर' लिहीन.

विभवमापी : इथे पटत नाही. निष्क्रियता हा शब्द रुळलेला आहे. पहिल्यांदा आला की एका ओळीत खुलासा करावा, पुरे. त्यापेक्षा 'छिद्रक्षरण' टाळा. छिद्र म्हटले की आरपार वाटते. क्लोराइडने थर फुटला की आधी खळगा पडतो. आत धातूच्या आयनांचे जल-अपघटन (पाण्याशी क्रिया) होऊन आम्ल बनते, ते आणखी क्लोराइड ओढते, आणि भोवतालचा अख्खा पृष्ठभाग कॅथोड झाल्याने इवल्याशा खळग्यावर सगळा प्रवाह एकवटतो. 'खळगे-क्षरण' म्हणा. अशा नमुन्याला वजनातल्या घटीवरून क्षरणाचा वेग (मिमी/वर्ष) काढू नये. ती सरासरी असते आणि नळ खळग्यात फुटतो.

लोहकण : खळगे-क्षरण चालेल. पोलरायझेशनला, म्हणजे प्रवाहामुळे विभव सरकण्याला, 'ध्रुवण'. ध्रुवीकरण राजकारणाला राहू दे.

जिज्ञासू : रेषीय ध्रुवणातल्या (विभव थोडेसे हलवून प्रवाह मोजण्याच्या पद्धतीतल्या) रोधाचे एकक 'ओहम प्रति चौ. सेंमी' लिहिले आहे. बरोबर?

विभवमापी : चूक, आणि नेहमीची. तिथे 'प्रति' नाही, गुणाकार आहे: ओहम-चौ.सेंमी. उपकरण ओहम दाखवते, त्याला उघड्या क्षेत्रफळाने गुणायचे. प्रवाहघनता मात्र खरोखर 'प्रति चौ. सेंमी'. नमुना द्रावणात तासभर ठेवून खुल्या मंडलाचे (बाहेरून प्रवाह न देता दिसणारे) विभव स्थिरावू द्या, मग त्याच्या दोन्ही बाजूंना १० मिलिव्होल्टपर्यंत, सेकंदाला सुमारे ०.१७ मिलिव्होल्ट वेगाने जा. विभव-प्रवाहघनता रेषेचा उतार, म्हणजेच हा रोध, २६०० ओहम-चौ.सेंमी आला आणि त्याने भागायचा स्थिरांक २६ मिलिव्होल्ट धरला (दोन्ही टाफेल उतार, म्हणजे प्रवाह दहापट व्हायला लागणारा विभवातला बदल, १२० मिलिव्होल्ट असतील तर तो तेवढा येतो), तर प्रवाहघनता १० मायक्रोअँपिअर प्रति चौ. सेंमी. लोखंडाला दर १ मायक्रोअँपिअरमागे ०.०११६ मिमी/वर्ष, म्हणून इथे ०.११६. द्रावण कमी वाहक असेल तर त्याचा स्वतःचा रोध या २६०० मध्ये मिसळतो आणि क्षरण आहे त्याहून कमी दिसते. तो आधी मोजून वजा करा.