मदत हवी आहे: खानदेशातल्या बॉटनीच्या मुलांसाठी उन्हाळी शाळा – बाहेर पाठवायची की इथेच भरवायची?

तापीकाठ

नमस्कार मंडळी,

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आमच्याकडची बरीच मुलं शेतकऱ्यांची, काही सातपुड्यातल्या पाड्यांवरची – पावरा, तडवी. ही पाड्यावरची मुलं पानगळीतही नुसत्या सालीवरून झाड सांगतात. कागदासारखी पापुद्रे सुटणारी सालई, गुळगुळीत पांढुरका धावडा. पण फुलाचा उभा छेद घेऊन कूळ ओळखा म्हटलं की गप्प. गावातल्या मुलांचं नेमकं उलटं. कुळांची लक्षणं तोंडपाठ, आणि मोहाच्या सावलीत उभं राहून "मॅडम, हे कोणतं झाड?"

यंदा टी.वाय.च्या दोन मुलींनी विचारलं, की सुट्टीत वनस्पती ओळखायला आणि संवर्धनाचं काम शिकायला कुठे जाता येईल का. शोधलं तर जे सापडतं ते बहुतेक पश्चिम घाटाभोवती फिरणारं. शिवाय फी, राहणं, आणि एकट्या मुलीला रात्रीच्या गाडीने पाठवायला घरचे राजी नसतात, तो भाग वेगळाच.

म्हणून मनात आलं, आपणच मे महिन्यात सातपुड्यातल्या पालला किंवा तोरणमाळला आठवडाभराची शाळा भरवावी. परीक्षा संपलेल्या असतात, तीच एक मोकळी फट. कोणी असं काही केलंय का? परवानगी कुणाची लागते? आणि शिकवायचं काय? फक्त सहल व्हायला नको आहे.

आम्हनी_माटी

ताई, राम राम. मे महिनामा पोरेसले सातपुडामा लई जाशात ते काय दखाडशात? नुसता खोडंच दखातीन!

बाकीच्यांना कळावं म्हणून मराठीत: आमचं जंगल पानझडी आहे. पळस, काटेसावर, गणेर यांची फुलं मार्चपर्यंत उरकतात. सफेद मुसळीसारख्या कंदवर्गीय वनस्पतींचं तर मे महिन्यात जमिनीवर नावही नसतं. जे काही वैविध्य आहे, गवतं, वेली, कंद, ते जुलै ते ऑक्टोबर. पंचेचाळीस अंशांत मुलांना हिंडवून हाती काय लागणार? पावसाळ्यात करा.

तापीकाठ

पावसाळ्यात कॉलेज चालू असतं हो. आणि निंदणी-खुरपणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस मुलं सोडतील का घरचे? अर्धी पोरं शनिवार-रविवार शेतातच असतात. दोन-तीन दिवस जमतील, आठवडा नाही.

पुण्याची_पाने

तुमचा प्रश्न आवडला. दोन्ही बाजूंनी सांगते.

बाहेर पाठवायचं असेल तर विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती बघा. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन अकादमी मिळून ती देतात, साधारण दोन महिने एखाद्या संशोधकाकडे काम करायला मिळतं आणि विद्यावेतनही असतं. गंमत अशी की उन्हाळ्याचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच बंद होतात. आपल्याकडच्या मुलांना ते मार्चमध्ये कळतं. दिवाळीच्या आसपास संकेतस्थळ बघायची सवय लावा. त्यात शिक्षकांनाही अर्ज करता येतो, हे जाता जाता.

दुसरं, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे आणि आघारकर संशोधन संस्था आहे. दोन्हीकडे मोठे वनस्पतिसंग्रह आहेत. मुंबईला झेवियर्समधला ब्लॅटर संग्रह. कॉलेजच्या पत्रावर आधी विचारलं तर गट घेऊन पाहता येईल. खानदेशात शंभर वर्षांपूर्वी कुणी कुठून काय गोळा केलं, ते कपाटातून बाहेर येताना पाहिलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता इथे भरवण्याबद्दल. उन्हाळा वाईट, या मताशी मी पूर्ण सहमत नाही. लंडनजवळच्या क्यू उद्यानात उष्णकटिबंधातल्या वनस्पती ओळखण्याचा जो नावाजलेला अभ्यासक्रम असतो, त्याचा गाभा म्हणजे वाळवलेले नमुने. जंगलात न जाता, टेबलावर, भिंगाखाली कुळं शिकवतात. मग तुम्ही असं का करत नाही: सप्टेंबरात दोन-तीन दिवसांत मुलांनी नमुने गोळा करून दाबून ठेवायचे, आणि मे महिन्यात तेच घेऊन बसायचं? गोळा करतानाच थोडी फुलं स्पिरिटच्या बाटलीत टाका. वाळलेलं फूलही गरम पाण्यात मऊ करून उघडता येतं, पण बाटलीतल्या फुलाची सर नाही.

आम्हनी_माटी

हे बरं सुचवलं. मग मे महिन्यात जंगल बघायचंच नाही का?

निवृत्त_वनपाल

बघायचं ना. सकाळी सहा ते नऊ. खोडं दिसतील म्हणून हसलात, पण खोडंच शिकवा की! पानगळ झाली की वनरक्षक झाड सालीवरूनच ओळखतो. कांडोळाचं पांढरंफटक खोड, अंजनाचं जोडपान, सागाचं खाली पडलेलं पान. अंजनाला एप्रिलपर्यंत कोवळी पालवी येते आणि त्याच सुमारास चपट्या, पंखासारख्या शेंगा गळायला लागतात. खानदेशचं म्हणावं असं झाड ते. एवढं जड लाकूड की पाण्यात बुडतं. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीकडेही बघायला मिळेल.

संवर्धन शिकवायचं तर उन्हाळ्यासारखा ऋतू नाही. वणवा तेव्हाच लागतो. मोहाची फुलं वेचताना नीट दिसावीत म्हणून खालचा पालापाचोळा पेटवतात, ती आग मार्च-एप्रिलमध्ये पसरत जाते आणि नवी रोपं पहिली मरतात. हे मुलांना पुस्तकातून नाही कळत. जळालेला आणि न जळालेला असे दोन पट्टे शेजारी-शेजारी घ्या, दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखा, आणि कोणती रोपं किती आहेत ते मोजायला लावा. पाड्यावरच्या मुलांना सांगायची गरज पडणार नाही, तीच तुम्हाला सांगतील कोण पेटवतं आणि का. तिथे भाषण देऊ नका. झाडाखाली झाडून घेणं किंवा जुनी साडी अंथरणं, असले उपाय त्यांच्या घरातूनच निघतील.

बियांचंही बघा. मोहाचं बी ठेवून टिकत नाही, फळ पिकलं की लगेच पेरावं लागतं. अंजनाचं कोरडं बी टिकतं. एवढ्या एका फरकावरून बीजपेढीत उणे 20 अंशांवर काय ठेवता येतं आणि काय नाही, हा अख्खा धडा होतो.

परवानगीचं: यावल अभयारण्याच्या आत जायचं असेल तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुख्य वन्यजीव रक्षकांचा विषय येतो. बाहेरच्या राखीव जंगलासाठी उपवनसंरक्षकांना अर्ज करा आणि एक प्रत आरएफओंना (वनक्षेत्रपालांना) द्या. "नमुने गोळा करणार" हे अर्जात स्पष्ट लिहा, कोणत्या जातीचे किती तेही. कंद उपटणार नाही, असं आपणहून लिहिलंत तर अर्ज लवकर पुढे सरकतो, हा माझा अनुभव.

तापीकाठ

काका, हे सोन्यासारखं आहे. मे महिन्यात तोरणमाळ की पाल?

निवृत्त_वनपाल

हवेच्या दृष्टीने तोरणमाळ. उंची हजार मीटरच्या वर, त्यामुळे दुपारीही बसवतं. पण जळगावहून जायला अख्खा दिवस जातो, शेवटचा घाट बसला झेपेल का ते आधी बघा. तुमच्या मुलांना पाल जवळ. मी असतो तर पाल घेतलं असतं आणि दुपारची सत्रं खोलीत ठेवली असती.

पुण्याची_पाने

एक सूचना राहिली. नमुन्याच्या चिठ्ठीवर शास्त्रीय नावाच्या वर पावरी, तडवी नाव लिहायला लावा, आणि ते कोणी सांगितलं त्याचा उल्लेखही. ठिकाण, तारीख, कशा जागी उगवलं, फुलाचा ताजा रंग (वाळल्यावर तो जातोच). ओळख पटवायला थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश अजूनही कामाचा आहे. 1901 ते 1908 मध्ये निघाला, नेटवर फुकट मिळतो. नावं बरीच बदललीत, पण त्यातल्या ओळख-किल्ल्या (एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणारे तक्ते) चालतात. दोन मुलांची जोडी करा: एक पाड्यावरचं, एक गावातलं. एकाने झाड दाखवायचं, दुसऱ्याने किल्ली चालवायची.

तापीकाठ

जोड्यांची कल्पना लगेच घेतली! सप्टेंबरातले दोन दिवस प्राचार्यांकडून मिळतील असं दिसतंय, उपवनसंरक्षकांना द्यायचा अर्ज या आठवड्यात लिहायला घेते. त्या दोघी मुलींना दिवाळीत अकादमीचा अर्जही भरायला लावते, एकात दुसरं अडत नाही.

आता अडचण साधनांची. आमच्या प्रयोगशाळेत चालू स्थितीतले डिसेक्टिंग मायक्रोस्कोप (फूल उघडून बघायचे सूक्ष्मदर्शक) फारच थोडे आहेत. जळगाव, भुसावळ, धुळे भागातल्या कुणा कॉलेजकडून मे महिन्यात आठवडाभर उसने मिळतील का? नेण्या-आणण्याची जबाबदारी आमची.

आम्हनी_माटी

धुळ्याला आमच्या वहिनी कॉलेजात आहेत, सुट्टीत पेटीबंदच असतात म्हणे. विचारून व्यनि (खासगी निरोप) करतो. आणि सप्टेंबरात मी येस बरं, जेवणानं मी दखस.