लेटेकमध्ये (गणिताचा मजकूर छपाईसाठी मांडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) वाक्यातला अपूर्णांक एवढा बारीक का येतो?

प्रश्न: सेमीच्या सातवीसाठी सरावपत्रिका करतेय, वाक्यात अपूर्णांकाची फ्रॅक कमांड टाकली की अंश-छेद इतके बारीक येतात की झेरॉक्सवर ६ आहे की ८ तेच कळत नाही, वेगळ्या ओळीत मात्र तोच अपूर्णांक मोठा येतो, काय करू?

उत्तर: ओळींमधलं अंतर बिघडू नये म्हणून टेक (लेटेकच्या मुळाशी असलेलं सॉफ्टवेअर) वाक्यातला अपूर्णांक मुद्दाम लहान करतं. एएमएसमॅथ हे गणितासाठीचं जोड-पॅकेज घ्या आणि फ्रॅकऐवजी डीफ्रॅक लिहा, म्हणजे वाक्यातही मोठा येईल.

उत्तर: डीफ्रॅकने ओळी फाकतात हो, त्यामुळे सगळ्याच ओळींचं अंतर थोडं वाढवा. घातांकात मात्र तिरकी रेघच बरी, तिथे उभा अपूर्णांक वाचवत नाही.

प्रश्नकर्ती: दोन्ही केलं, आता पूर्णांकयुक्त अपूर्णांकही स्वच्छ दिसतायत! मनापासून थँक्स.