वाकुलेन्को: कवी मोठा, की मृत्यू मोठा?

शब्दवेध (मूळ टिपण): मुलांसाठी लिहिणारे युक्रेनी कवी व्होलोदिमिर वाकुलेन्को २०२२ मध्ये रशियन ताब्यात मारले गेले. त्यांच्या नावाचा सध्या जो गजर चालला आहे, ती मृत्यूची कीर्ती आहे, बालकवितेची नव्हे; कवी म्हणून ते मध्यमच. २०२२ पूर्वी आपल्यापैकी कोणी त्यांचे नाव तरी ऐकले होते का?

पाणवठा: आपण ऐकले नव्हते, हा दोष त्यांचा कसा? त्यांचे ‘बाबांचे पुस्तक’ ल्विव्हहून २०१४ मध्येच निघाले होते. पूर्व युक्रेनमधील इझ्यूम शहराजवळचे कापितोलिव्का हे त्यांचे गाव रशियन सैन्याच्या ताब्यात गेल्यावरही ते आपल्या स्वमग्न मुलासह तिथेच होते, रोजनिशी लिहीत होते, आणि आपल्याला धरून नेणार असे दिसताच ती त्यांनी बागेतल्या चेरीच्या झाडाखाली पुरली. २४ मार्च २०२२ रोजी त्यांना नेले. इझ्यूमच्या जंगलातील चारशेहून अधिक थडग्यांपैकी ३१९ क्रमांकाच्या थडग्यात त्यांचा देह सापडला. वाकुलेन्कोंच्या वडिलांना खणूनही रोजनिशी मिळेना, तेव्हा कादंबरीकार व्हिक्टोरिया अमेलिना यांनी स्वतः खणून ती बाहेर काढली. पुढच्याच वर्षी क्रामातोर्स्क शहरावरील रशियन क्षेपणास्त्रहल्ल्यात जखमी होऊन त्याही गेल्या.

शब्दवेध: ही कहाणी रोजनिशीची झाली. कवितेची एक ओळ तरी दाखवा! माझेच म्हणणे आपण सिद्ध केलेत, आभारी आहे.

जुनापुराणा: येथे रशियाला सरसकट झोडपणे चालले आहे, ते मला पटत नाही. प्रदर्शनातून आणलेल्या रशियन पुस्तकांवर आमची पिढी वाढली. म्हाताऱ्याचा हातमोजा बर्फात पडतो, त्यात उंदीर, बेडूक, ससा, कोल्हा, लांडगा आणि शेवटी अस्वलही शिरते, ही रशियन गोष्ट मी मुलांना आणि नातवंडांना वाचून दाखवली आहे.

पाणवठा: ती युक्रेनी लोककथा आहे, महाराज. वाकुलेन्को ज्या भाषेत मुलांसाठी लिहीत होते, त्याच भाषेतली.

जुनापुराणा: मला माझे बालपण शिकवू नका. पुस्तक मॉस्कोहून आलेले आहे!

पाणवठा: मॉस्कोत छापले म्हणून गोष्ट मॉस्कोची होत नाही. ‘रशियन पुस्तके’ या एका पोत्यात आपण किती भाषा कोंबल्या, याचा हिशेब आपल्या पिढीने कधीच दिला नाही.

जुनापुराणा: पिढीवर घसरण्याचे कारण नव्हते. तुमच्या पिढीने तर पुस्तकेच वाचली नाहीत.

सायलीची आई: हातमोजा क्षणभर बाजूला ठेवाल का? माझा धाकटा स्वमग्न आहे. शाळेच्या बसमधली त्याची खिडकीजवळची जागा न विचारता बदलली, तेव्हा तो तीन दिवस जेवला नव्हता, आणि शाळेचे उत्तर होते की सर्वांना नियम सारखेच. अशा मुलाला सांभाळत, दारात परके सैनिक असताना जो माणूस रोज लिहितो, त्याची कविता मला वाचायची आहे. ती मोठी आहे की नाही, ते वाचल्यावर पाहीन. न वाचताच मध्यम ठरवणाऱ्यांची मात्र मला गंमत वाटते.

शब्दवेध: टोमणा पोहोचला. मी त्यांच्या कविता वाचलेल्या नाहीत, हे मान्य. कोणी मूळ युक्रेनीवरून चार कविता मराठीत आणल्या, तर माझे मत तपासून पाहीन. इंग्रजीवरून उतरवलेल्या मात्र नकोत. ‘मृत्यूची कीर्ती’ हे शब्द मी तूर्तास मागे घेतो, तेही सायलीच्या आईंसाठी, पाणवठा यांच्यासाठी नव्हे.

जुनापुराणा: माळ्यावरून हातमोज्याचे पुस्तक काढले. आत ‘युक्रेनी लोककथा’ असेच छापलेले आहे. अक्षर बारीक आहे, एवढे मात्र नोंदवून ठेवतो.